आपल्या भाषेत कळव

सिरसाळा
८ जून १९८६

प्रिय भिवरे,

तू मांजरसुंब्याला मामाकडे जाऊन बसलीस आणि इकडे इतिहास घडला! आपलं मंडळ झालं. खरंखुरं. आप्पांनी दूध सोसायटीची मागची खोली दिली, रिकामे कॅन ठेवायची ती. दर रविवारी सकाळचं दूध मोजून झालं की खोली आपली. दारावर मी खडूनं लिहिलंय, 'कोरिया अभ्यास मंडळ, सिरसाळा'. त्याखाली इंग्लिशमध्ये, आणि त्याखाली, सोलच्या रेडिओनं टपालानं पाठवलेल्या धड्यांच्या पुस्तिकेत बघून, कोरियनमध्ये. ते तिसरं कुणालाच वाचता येत नाही, पण लोक त्याच्याचकडे बघत उभे राहतात.

आप्पा कसे तयार झाले माहितीये? मी काही मागितलंच नव्हतं. संध्याकाळी सोलचं इंग्लिश स्टेशन लावलं होतं, नेहमीची खरखर, आणि त्यात त्यांच्या खेड्यातल्या सोसायट्यांबद्दल सांगत होते. गावानं मिळून रस्ते केले, छपरं बदलली वगैरे. मी ऐकत ऐकत मराठीत सांगत गेले. आप्पा पानाला चुना लावायचे थांबले. म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखीच माणसं की. चेअरमन कोण असतो त्यांच्यात?" दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी कोरियावर भाषण ठोकलं! दूधवाले म्हणे एकमेकांना विचारत होते, कोरिया कोणत्या तालुक्यात आलं.

पहिल्या रविवारी चौघं होतो. मी, शाळेच्या वत्सलाबाई, राधाकिशन (रेडिओ त्याच्याच दुकानातला), आणि दूध मोजणारा त्रिंबक, ज्याला आप्पांनी बस म्हटलं म्हणून बसला. पहिला धडा घेतला. भाताला म्हणतात बाप. पाण्याला म्हणतात मुल. आणि 'हो' म्हणायचं तर 'ने'. त्रिंबक हसता हसता कॅनवरून खाली आला. राधाकिशनला म्हणाला, "बाप शिजवायचा आन मुल प्यायचं, कसलं गाव बे हे!" तेवढ्यात छबुबाई उशिरा दूध घेऊन आली. मी प्रॅक्टिस म्हणून तिच्या प्रत्येक वाक्याला 'ने, ने' करत होते. ती भडकली. "ने ने काय करती गं? आनलंय मी दूध, न्यायला न्हाई आले!"

पण भिवरे, उच्चार कुणालाच जमत नाहीत. त्यांचा एक आवाज प आणि ब च्या मधला आहे, माझी जीभ तिथेच अडते. त्या दिवशी तू दूध घालायला आलीस आणि दारात उभी राहून रेडिओवरच्या बाईचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलंस, ते मी विसरले नाहीये. म्हणून तुला सेक्रेटरी केलंय. न विचारता. लवकर ये.

तुझी
संयो

(शुद्धलेखनाला हसू नकोस. कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास जेवणानंतर असायचा आणि मला झोप यायची.)


मांजरसुंबा
१९ जून १९८६

प्रिय संयो,

तुझी चिठ्ठी मामाच्या ढाब्यावर आली. आधी मामीनं वाचली, मंग मामानं, मंग एका ट्रक डायवरनं. त्यो म्हनला, कोरियाला माल घेऊन कधी गेलो न्हाई, पन कुनी रस्ता दाखवला तर जाऊ.

सेक्रेटरीला काय काय करावं लागतं? आमच्या घरात आजपतोर कुनी काही झालं न्हाई. दादाला सांगितलं तर बापाच्या तोऱ्यात पयलं इचारतील, खुर्ची हाय का. मी म्हनेन, कॅन हाय.

तू मला इचारलं न्हाईस कावून मला हे आवडतं ते. तू कुनालाच इचारत न्हाईस, एकदम कामाला लावतीस. तरी सांगते. त्या रेडिओवरल्या बाईचं बोलनं मला कळत न्हाई, पन ती कवा रागावली, कवा समजूत घालतीय, ते कळतं. आमची आज्जी आशीच बोलती. मला वाटलं, एवढ्या लांब बी आज्ज्या अशाच आस्त्यात, मंग तिथं गेलं तर आपल्याला लई अवघड जानार न्हाई. हे कुनाला दाखवू नको. हसतील.

दहावी झाल्यापसून मी घरीच हाय. दादा आन माय दरसाली दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जातात, मी आज्जीपाशी ऱ्हाते, म्हंजी हिवाळाभर मोकळी. झाडलोट बी करीन मंडळाची. फकत आमची म्हस ऱ्हायली पायजे. वैरन न्हाई कुठं. म्हस गेली तर सोसायटीत दूध घालायच्या निमतानं यायचं बंद हुईल, मंग दादाला काय सांगायचं ते तू बघ.

पुढच्या आठवड्यात येते. तवर त्या मधल्या आवाजाला हात लावू नको, बिघडवून ठेवशील.

तुझीच
भिवरा


सिरसाळा
२० नोव्हेंबर १९८६

भिवरे,

प्रिय-बिय काही नाही, मी चिडलेय. दिवाळीनंतरच्या रविवारी मी धडा तयार करून बसले, तू नाही. वाडीवर आले तर आज्जी म्हणाली, ट्रक गेला, भिवरी बी गेली. एक शब्द नाही? आपल्या सेक्रेटरीनं न सांगता जायचं? दरवर्षी तर राहतेस!

चार महिने किती भारी गेले गं. सोलच्या एशियाडच्या वेळी तर आपल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खेळ ऐकायला यायचे आणि तू मधेच कोरियन निवेदकाची नक्कल करायचीस, तर म्हातारे म्हणायचे, गप, खरा कोणता ते कळू दे! आता खोलीत मी, वत्सलाबाई आणि रेडिओ. राधाकिशन बीडला दुकान काढतोय. त्रिंबक येतो, पण दूधच इतकं कमी झालंय की त्याचं तोंड बघवत नाही. चाळीस कॅन जायचे तिथे चार. तुमची म्हैस विकली ते आज्जीनं सांगितलं. वाईट वाटलं.

पण आता ऐक, यासाठी लिहितेय. पुण्यात २४ जानेवारीला मेळावा आहे, आपल्यासारख्या सगळ्या मंडळांचा! प्रत्येक मंडळातल्या दोघांनी कोरियनमध्ये एक प्रसंग करायचा. जो सगळ्यात चांगला बोलेल त्याला वर्षभर पुण्यात राहून कोरियन शिकायला मिळणार. राहणं-खाणं सगळं त्यांचं. भिवरे, वर्षभर!

मी आपली दोघींची नावं पाठवली. सातवा धडा करायचा, बाजारातली मुळे विकणारी म्हातारी आणि गिऱ्हाईक. म्हातारी तू, गिऱ्हाईक मी. तू सिरसाळ्याच्या बाजारातल्या छबुबाईसारखी कमरेवर हात ठेवून घासाघीस करतेस ना, तसंच करायचं. बक्षीस तुलाच मिळणार. मी कितीही डोकं आपटलं तरी माझं बोलणं कॉन्व्हेंटचंच वाटतं. तुला मिळालं तर ऊस-बीस सगळं सुटेल. मी सगळं इमॅजिन केलंय. पुण्याला तुझ्याकडे सुट्टीत येणार मी.

फक्त चार दिवसांचा प्रश्न आहे. आप्पांची जीप घेऊन मी स्वतः तुला न्यायला येते. बोल!

संयो


कारखान्याचा तळ, नगर जिल्हा
९ डिसेंबर १९८६

प्रिय संयो,

सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मंग मी रडले असते, आन ट्रक काही थांबला नसता. म्हनून न्हाई सांगितलं.

बंधाऱ्याच्या कामावर मायच्या पायावर दगड पडला, हे तुला ठाऊक हाय. ती खुरडत चालती, वाकता येत न्हाई. हितं दोघं मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीत टाकायच्या. दोघातलं एक न्हाई तर कोयताच मोडला, दादाला कुनी घेत न्हाई. म्हनून मायच्या जागी मी. माय पाचटाच्या कोपीत बसून भाकरी करती आन सारखी म्हंती, माझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं. मी तिला म्हंते, गप, मी सेक्रेटरी हाय.

तुझी चिठ्ठी आज्जीनं गाववाल्याच्या हाती धाडली, ती मी उसात बसून वाचली. मंग म्हातारीचं सगळं बोलनं पाठ केलं. मोळी बांधताना म्हंते, गाडीवर फेकताना म्हंते. बायका म्हंत्यात हिला लागिर झालं. एक तर मला 'ए मुळेवाली' म्हनूनच हाक मारती. आता मी गिऱ्हाईक बी पाठ केलंय, तू चुकलीस तर मी तुझं बी म्हनेन.

दादाला इचारलं. त्यांनी बिडी पेटवली. बिडी संपली तवा म्हनले, "एकट्या पोरीला पुन्याला सोडनार न्हाई. चेअरमनसायबांची जीप दारात आली तर मुकादम बी तोंड उघडायचा न्हाई. मंग बघू." दादाचं 'बघू' म्हंजी निम्मं हो आस्तं. पन मी चार दिस गेले तर ते एकटे काय करतील, हे बी मनात येतं. मला जरा इचार करू दे. कळवते.

एक ध्यानात ठेव. आमचा धोंडीराम मुकादम टपाल आधी सोता वाचतो. त्याला आधी कळलं की एक कोयता मोडनार, तर त्यो दादाला फाडून खाईल. ही चिठ्ठी मी ट्रॅक्टरवाल्याच्या हातानं पाठवतीय. तू बी त्याच्याच नावानं लिही, खाली पत्ता हाय.

तुझीच
भिवरा


सिरसाळा
२४ डिसेंबर १९८६

प्रिय भिवरे,

ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं पाठवतेय. त्याच्या बायकोनं भलताच अर्थ काढला नाही म्हणजे मिळवली.

तुझं वाचून मी दोन दिवस रेडिओसुद्धा लावला नाही. घरात सगळे विचारत होते, हिला ताप आलाय का. मला खरंच माहीत नव्हतं गं, कोयता म्हणजे दोन माणसं. मला वाटायचं कोयता म्हणजे कोयता.

आता इकडचं ऐक. आप्पा जीप द्यायला तयार आहेत, पण तोंड वाकडं करून. सोसायटी सगळ्या जनावरांसाठी चारा गोळा करतेय, जीप दिवसभर त्याच्या मागे पळते, डिझेल मिळत नाही. म्हणाले, "ती पोरगी येणार हे नक्की असेल तर आपल्या ड्रायव्हरला, भारतला, घेऊन जा. तिथं जाऊन 'बघू, करू' ऐकायला मी गाडी पाठवणार नाही. आणि हे बघ, त्यांच्या घरात फूट पाडू नकोस. त्यांचं पोट आहे त्याच्यावर." आप्पा कोरियावर भाषण करताना वेगळे असतात, घरी वेगळे.

आणि पुण्याहून पत्र आलंय, नावं फायनल करून मागतायत. म्हणून सरळ विचारते. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. दादांना सोडून येणं जमत नसेल तर मला अजिबात राग येणार नाही. तुझं नाव काढून वत्सलाबाईंचं घालू का? जास्त काही लिहीत बसू नकोस, तुझी अडचण मला कळते. एका शब्दात कळव, आपल्या भाषेत.

वाट बघतेय.

संयो


(पोस्टकार्ड)
३ जानेवारी १९८७

चेअरमनसायबांच्या संयोगितास नमस्कार. आमी सगळी खुशाल हाओत. मायचा पाय तसाच हाय. ऊस बरा हाय, थंडी लई हाय. आज्जीला सांगावं, काळजी करू नको. ने.

भिवरा


पुणे
२७ जानेवारी १९८७

प्रिय, प्रिय, प्रिय भिवरे,

कुठून सुरू करू? आधी हे, की मी तुझ्यावर रागावले नाहीये. तुझं कार्ड मिळालं, 'ने' वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हटलं, हो तर हो. तू दादांचा विचार केलास, तेच बरोबर. त्याच दिवशी तुझं नाव काढून वत्सलाबाईंचं घातलं. आप्पा म्हणाले, "शहाणी आहे पोरगी, तुझ्यापेक्षा."

आता मजा. वत्सलाबाईंना म्हातारी जमेचना! त्या मुळे विकतायत का हजेरी घेतायत तेच कळत नव्हतं. शेवटी एसटीत बीड ते नगर आम्ही भूमिका बदलल्या. गिऱ्हाईक त्या, म्हातारी मी. आणि भिवरे, मी काही नवीन केलं नाही. डोळे मिटले आणि तू खोलीत कशी उभी राहायचीस ते आठवलं. कमरेवर हात, मान अशी, आणि शेवटी गिऱ्हाईक निघून जायला लागल्यावर तो तुझा लांबलेला हेल. अख्खा हॉल हसला! मुंबईहून आलेले एक कोरियन गृहस्थ होते, ते उठून उभे राहिले. म्हणाले, माझ्या गावची म्हातारी इथे कशी आली?

मला मिळालं. वर्षभराचं. माझा विश्वासच बसत नाहीये. जूनपासून इथेच. आप्पांना तार केली, त्यांनी उलट तार केली, 'सोसायटीला अभिमान आहे'. घरातल्या पोरीला अशी तार कोण करतं!

खरं तर हे तुझं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की ही म्हातारी आमच्या सेक्रेटरीनं बसवलीय. तू असतीस तर मी गिऱ्हाईक म्हणून मागे उभी असते आणि तेच शोभलं असतं. पण तूच नाही म्हणालीस ना गं. पुढच्या वर्षी बघ, मी इथे असेन, तुझी सगळी तयारी करून घेईन.

कोपीत थंडी फार असेल ना? तुझ्यासाठी शाल घेतलीय.

तुझी
संयो


कारखान्याचा तळ
११ फेब्रुवारी १९८७

संयो,

तुझं पत्र ट्रॅक्टरवाल्यानं दिलं. त्यो महिनाभर गावी गेलता, ट्रॅक्टर बिघडून उभा व्हता. म्हनून मला जानेवारीत मुकादमाच्या हातानं कार्ड टाकावं लागलं. कार्डावर सगळ्यांच्या समोर काय लिहिनार? तू लिहिलंस एका शब्दात कळव. मी लई इचार करून एकच शब्द लिहिला. ने.

मुकादमानं कार्ड वाचलं आन इचारलं, "ने म्हंजी? काय ने?" मी म्हनले, आज्जीची गोधडी चेअरमनच्या जीपमधी ऱ्हायली, ती घरी ने असं सांगतीय. त्याला पटलं.

तुला न्हाई कळलं.

संयो, मी कोरियनमधी न्हाई लिहिलं. तू म्हनली आपल्या भाषेत. मला आपली भाषा म्हंजी आपलीच वाटली. ने म्हंजी मला ने. ये आन घेऊन जा.

दादा तयार झाले व्हते. त्यांनी शेजारच्या कोपीतल्या एका विधवा बाईला बोलून ठिवलं व्हतं, चार दिस ती मोळ्या बांधनार व्हती. मायनं माझी दोन्ही लुगडी नदीवर नेऊन धुतली, लंगडत. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी फडात गेलेच न्हाई. न्हाऊन, येनी घालून रस्त्याच्या कडंला बसले. जीप दिसली की उठायचे. कारखान्याच्या सायबांच्या जीपा लई फिरतात हिकडं. संध्याकाळी दादा आले, शेजारी बसले. म्हनले, "मोठ्या मान्सांच्या गाड्या आस्त्यात, आडकली आसंल कुठंतरी." दुसऱ्या दिशी सकाळी बी बसले. मंग मुकादम आला आन म्हनला, फड कोन तुझा बाप तोडनार का? बाप तर तोडतच व्हता.

मला वाटलं, तुमच्या घरात काहीतरी वाईट झालं आसंल. चेअरमनसायबांना काही झालं का, अशी भीती वाटली. तुझं पत्र येईपतोर मी रोज देवाला तुझ्यासाठी हात जोडत व्हते.

म्हातारी चांगली झाली म्हंतीस. बरं झालं.

भिवरा


सिरसाळा
१९ फेब्रुवारी १९८७

भिवरा,

मी किती वेळा पत्र लिहायला बसले आणि फाडलं. पहिल्या पत्रात मी तुझ्याशी भांडले होते. लिहिलं होतं, आपण मंडळात ज्या भाषेत बोलायचो तीच आपली भाषा ना, तू सेक्रेटरी, तुला एवढं कळू नये? वाचून दाखवायला आईकडे गेले. आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुला जेवायला वाढू का, असं मी विचारलं आणि तू 'वाढ' म्हणालीस, तर मी काय समजू? पोरगी कशाला दुसऱ्या मुलखातलं बोलेल, तिला यायचं होतं." मग मी ते पत्र चुलीत टाकलं.

मी घाईत विचारलं. मला वाटतं, मला उत्तर आधीच ठाऊक होतं असं मी धरून चालले होते. आप्पा म्हणाले त्यांच्या पोटाचं बघ, आणि मी ठरवून टाकलं की तू येणार नाहीस. मग तू काहीही लिहिलं असतंस तरी मी तेच वाचलं असतं.

तू रस्त्याच्या कडेला बसली होतीस तेव्हा मी वत्सलाबाईंबरोबर एसटीत हसत होते. नगरवरूनच गेलो आम्ही, भिवरा. नगरवरूनच.

मी येतेय. भारतला सांगितलंय, आप्पांना सांगितलेलं नाही. येत्या आठवड्यात येते, तुला आणि माय-दादांनाही घेऊन येते. मायला बीडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. पुण्याच्या लोकांशी मी बोलेन. काहीतरी करेन. तू फक्त तिथे थांब.

संयो


पुणे
२१ जून १९८७

प्रिय भिवरा,

तू उत्तर देत नाहीस तरी लिहितेय. आज रविवार आहे आणि इथे रविवारी कुणीच काही शिकवत नाही.

तुला सगळं सांगायला मला नीट वेळ मिळालाच नाही. फेब्रुवारीत मी आले होते. तळावर पोचले तर सगळं उठलेलं. चुलीचे दगड होते आणि पाचटाच्या कोप्या अर्ध्या मोडलेल्या. एक म्हातारा गुरांसाठी उसाचे शेंडे, वाढे, गोळा करत होता, तो म्हणाला, पाण्यावाचून ऊस वाळला, कारखाना लवकर बंद झाला, टोळ्या पुढे कुठेतरी गेल्या. कुठे ते त्याला माहीत नव्हतं. भारत म्हणाला, ताई, डिझेल परत जाण्यापुरतंच आहे.

मग मे महिन्यात तुम्ही परत आल्याचं कळलं. मी वाडीवर आले, तू बंधाऱ्याच्या कामावर. तिथे आले तर तू डोक्यावर पाटी घेऊन उभी. मी धावत आले आणि तू पाटी खाली न ठेवता म्हणालीस, "उन्हात कावून आलात? बसा तिकडं झाडाखाली." मला वाटलं, आजूबाजूला बायका आहेत म्हणून असं बोलतेयस. मी झाडाखाली बसून राहिले. तू पाट्या टाकत राहिलीस. नंतर जीप निघाली.

इथल्या लोकांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, माझी जागा तिला द्या, खरी म्हातारी तीच. ते चांगले आहेत, त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले, जी आमच्यासमोर बोलली तिलाच देता येते. पुढच्या जानेवारीत पुन्हा मेळावा आहे. भिवरा, मी स्वतः येईन. आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी येऊन तिथेच राहीन. मोळ्या बांधायला शिकेन, तुझ्या जागी मी उभी राहीन. हसू नकोस, मी खरंच म्हणतेय.

तोपर्यंत मंडळ तू चालव ना. खोलीची चावी आमच्या आईकडे आहे, तुला द्यायला सांगितलंय. पुस्तिका, रेडिओ सगळं तिथेच आहे. एकटी बसलीस तरी चालेल. मंडळ बंद पडलं नाही एवढंच मला कळू दे.

आणि मला 'अहो' म्हणू नकोस गं. बाकी काहीही म्हण.

तुझी
संयो


सिरसाळा
४ ऑगस्ट १९८७

सौभाग्यकांक्षिनी संयोगिताताईंना भिवराचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुमची तब्येत बरी असंल. पुन्याची हवा मानवली असंल.

चावी तुमच्या आईसायबांनी देऊ केली व्हती, मी घेतली न्हाई. दूध सोसायटीत आता दूध येत न्हाई, त्रिंबक परळीला कामाला गेला. मागच्या खोलीत जनावरांच्या छावनीचा कडबा भरलाय, वरपतोर. दार उघडत न्हाई. रेडिओ आन पुस्तकं आईसायबांनी आधीच वाड्यावर नेलीत, खराब होनार न्हाईत. वत्सलाबाईंची बदली झाली. म्हंजी मंडळात आता कुनी ऱ्हायलं न्हाई. तुमाला वाईट वाटंल, पन खरं ते कळवलं.

जानेवारीत तुमी येऊ नका. मोळ्या बांधनं चार दिसात येत न्हाई, हात सोलून निघतात. आन मायच्या पायाचं आता काही होनार न्हाई असं डाक्टरनं सांगितलंय, म्हनून धोंडीराम मुकादमानं यंदाच्या टोळीत माझं नाव आधीच धरलंय. तुमी आलात तर दादाला अवघडल्यासारखं हुईल. तुमाला बसायला द्यायला बी कोपीत काही न्हाई.

पत्र लिहायचं कारन येगळं हाय. चेअरमनसायब छावनीवर राखनीला मानूस बघतायत असं कळलं. दादा जनावरात चांगले हायेत, दारू पीत न्हाईत, रात्रीचं बी थांबतील. तुमी एक शब्द आप्पासायबांच्या कानावर घातला तर दादांचं काम हुईल आन माय-दादा दोघं गावात ऱ्हातील. मी दुसऱ्या कुनाबरुबर कोयता धरीन. दादा सोता इचारायला लाजतात, म्हनून मी लिहिलं. न्हाई जमलं तरी राग न्हाई.

हे पत्र आप्पासायबांना दाखवलं तरी चालंल. ह्यात लपवून लिहिलेलं काही न्हाई.

आपली नम्र
भिवरा शहादेव